जवसाची तार

आमच्या गावात लाईन म्हणजे वीज.
ती येते, जाते, कधी नुसतीच लुकलुकते.
रात्री अडीचला आली तर ओलितासाठी
टॉर्च घेऊन माणसं धुऱ्याधुऱ्यानं निघतात
आणि सकाळी टपरीवर एकमेकांना विचारतात,
तुयाकडे होती का गा लाईन?

माझे बाबा तिचे माणूस. कवडू भोयर, लाईनमन.
कंबरेला पट्टा, पट्ट्यात पक्कड,
आणि गावभरच्या शिव्या, ज्या खरं तर
सबस्टेशनच्या नावच्या असतात.

तालुक्याच्या वाचनालयात एक जाडजूड कोश आहे,
एमपासून पीपर्यंत वाळवीनं खाल्लेला.
सी शाबूत होतं. तिथं कंट्रोल सापडला.
कंट्रोल म्हणजे आमच्याकडे रेशनचे तांदूळ.
कंट्रोल आला म्हणजे पोती उतरली,
कंट्रोलचा हाय म्हणजे भात जरा दाताखाली जपून.
कोश म्हणाला : मूळ अर्थ, हिशेबाची दुसरी वही,
पहिल्या वहीवर नजर राहावी म्हणून लिहिलेली.
मी हे रांगेतच मोठ्यानं सांगून टाकलं.
पंचफुला मावशी म्हणाली, दुसरी वही?
थे तं हाय न याच्यापाशी, आठ वर्सांपासून हाय.
देवमन गावंडेनं अंगठ्याचं मशीन पुसलं,
बराच वेळ पुसलं.
त्या महिन्यात प्रत्येकाचं माप जरा भरून आलं.
व्युत्पत्तीचा इतका उपयोग मी पुन्हा पाहिला नाही.

एलही शाबूत होतं.
पण लाईनचं मी कोणालाच लगेच सांगितलं नाही.
लॅटिन बोलणाऱ्या माणसांनी एका धाग्याला
हे नाव दिलं होतं. जवसाच्या धाग्याला.
जवस. आपलं. चटणीचं.
धागा ताणला की सरळ रेघ,
रेघेवरून ओळ, रांग, रूळ, खानदान, तार.
शब्द पुढं चालत गेला, जवस मागं पडलं,
एसटीत गाठोडं राहून जावं तसं.

पौषात घरी आले तेव्हा
वावराच्या कडेचे चार तास निळे झाले होते.
हे फूल दुपारपर्यंतच निळं, मग पाकळ्या गळतात.
मधोमध खांब. खांबावर बाबा.
आमच्या गावात याचं सूत कोणी काढलं नाही.
तेल काढलं, ढेप गाईला घातली,
उरलेल्या काड्या चुलीत.
हिवाळाभर आम्ही एका शब्दावर पाणी तापवत होतो.

याच खांबावर सहा वर्षांमागे झिबल नेवारे,
बाबांचा हेल्पर.
फोनवर कोणीतरी म्हणालं होतं, लाईन बंद हाय.
एक बंद होती. दुसरी नव्हती.
दोघींना नाव एकच.
गाव अजून म्हणतं, झिबलले लाईननं नेलं.
कोशात हा अर्थ नाही.
वाळवीनं खाल्लेल्या पानांतही नसावा.

बाबा उतरले, पट्टा सोडला, घाम पुसला.
मी म्हटलं, बाबा, लाईन म्हणजे पयले हे होतं.
हे झाड.
त्यांना वाटलं मी थट्टा करते.
मग एक काडी उपटली, मोडली,
नखानं सोलली. आतून बारीक रेशा निघाल्या,
केसासारख्या, ओलसर.
दोन मुठींत धरून ओढून पाहिल्या.
मजबूत हाय बाप्पा, म्हणाले.

आणि तशीच एक रेशा उन्हात ताणून
तिला हळूच हाताची उलटी बाजू लावली,
तार जिवंत आहे का बघताना
जुने लाईनमन लावतात तशी.

गोठ्याकडून कोणीतरी ओरडलं,
कवडूभाऊ, लाईन आली काय?
बाबा तिकडं न बघताच म्हणाले,
थांब. पायतो.